नवी मुंबईत उपऱ्याची कथा लिहायला बसताना

आमच्या वाशीच्या कथागटात नव्यानं लिहिणारे येतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्याजणांनी आणलेली कथा एकच असते. गावाकडून कोणीतरी या शहरात आलंय, भाड्याच्या खोलीत एकटं आहे, खिडकीबाहेर पाऊस आहे. दोन पानांत 'एकाकी' हा शब्द पाच-सहा वेळा येऊन जातो. वाचन संपतं, सगळे माना डोलावतात आणि कोणीतरी चहाचं विचारतं. लिहिणाऱ्यानं खरोखर सोसलेलं असतं, तरी ऐकणाऱ्यापर्यंत त्यातलं काही पोचलेलं नसतं.

विषयात खोट नाही. फ्रँक ओकॉनर या आयरिश कथाकारानं १९६०च्या दशकात लघुकथेवर 'द लोनली व्हॉइस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कादंबरीला भोवती नांदता समाज लागतो, आणि लघुकथा त्या समाजाच्या कडेकडेनं फिरणाऱ्या माणसांची असते. सगळ्याच कथांना हे लागू पडतं असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या कितीतरी उत्तम कथा भरल्या घरातल्या आणि भरल्या पारावरच्या आहेत. पण तुम्ही जी कथा लिहायला निघालात, तिच्यासाठी त्याचं म्हणणं चोख आहे. पुढचं सगळं त्या एका प्रकारच्या कथेपुरतंच सांगते.

आधी दार ठरवा

बहुतेकजण नायकापासून सुरुवात करतात. नाव, वय, गाव, दुःख. हे सगळं काही दिवस बाजूला ठेवा. आधी ठरवा, की या माणसाला आत घ्यायचं की नाही हे कोणाच्या हातात आहे. माणूस खोलीत नुसता बसून राहिला तर काही घडत नाही. तो कोणाच्या तरी दारात जातो आणि समोरचा त्याला उंबऱ्यावर थांबवतो, तिथं कथा सुरू होते.

अशी दारं आपल्याकडे पावलोपावली आहेत. घर बघायला आलेल्या मुलाला दलाल आधी आडनाव विचारतो, मग 'फॅमिली की बॅचलर', मग 'खाण्यापिण्याचं काय'. तिन्ही उत्तरं जमली तरी सेक्रेटरीची भेट बाकी असते. मग अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलीस पडताळणी, गेटवरच्या ॲपमध्ये नाव. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूला जागा नाही, कारण तो सभासद नाही. फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत असा २००१ सालापासूनचा शासनाचा आदेश आहे. ही हिशेबाची भानगड कथेत कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण लिफ्टमध्ये दोन सभासद भाडेकरूच्या डोक्यावरून त्याच चार्जेसवरून हुज्जत घालतायत आणि तो वर बदलत जाणारे मजल्यांचे आकडे बघत उभा आहे, एवढा प्रसंग लिहून बघा. खिडकीतल्या पावसाची आठवणही येणार नाही.

माझं स्वतःचं आवडतं दार म्हणजे ट्रान्स-हार्बरचा लेडीज डबा. ठाणे-वाशी मार्गावर २००४ सालापासून लोकल धावतायत, आणि संध्याकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की डब्यातला कायदा समजतो. उभी असलेली बाई बसलेलीला एकाच शब्दात विचारते, "कुठे?" बसलेली सांगते, "रबाळे." झालं. ती सीट आता विचारणारीची. मग दुसरी कोणी विचारायला आली तर बसलेलीच सांगते, "माझ्यानंतर यांची, त्या कोपरखैरणेला उतरतील," इतकी पुढची साखळीही लागून जाते. नव्या मुलीला यातलं काही ठाऊक नसतं. तिच्या अगदी गुडघ्याला लागून असलेली सीट रिकामी होते आणि तीन माणसं पलीकडची बाई सहज येऊन बसते. भांडण होत नाही, कोणी तिला बोलतही नाही. ती सीट तिची नव्हती, हे डब्यातल्या प्रत्येकीला माहीत असतं आणि तिला नसतं.

या डब्यात अख्खी कथा आहे. ती मुलगी 'कुठे' विचारायला कधी शिकते, पहिल्यांदा विचारताना आवाज किती बारीक निघतो, उत्तर न देता कोण मोबाईलमध्ये बघत राहतं, तिघींच्या बाकावर चौथ्या सीटसाठी कोण किती सरकतं आणि कोण सरकल्यासारखं करतं. आणि एखाद्या दिवशी नाव माहीत नसलेली बाई विचारते, "काल दिसली नाहीस?" तेव्हा काय होतं. एकटेपणाचं एकही वाक्य न लिहिता तुम्ही तिथवर पोचता.

ठाण्याचं दार वेगळं. नौपाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आलेल्याला 'ठाणेकर' म्हणायला मनातून तयार नसतात. हा भेद विनोदी कथेत फार रंगेल. गंभीर कथेसाठी मला तो जरा तोकडा वाटतो, कारण त्यात कोणाचं काही अडत नाही.

आत येण्याची किंमत काय

दार ठरलं की दुसरा प्रश्न. आत घेणारा त्या बदल्यात काय मागतोय? इथे नव्यांच्या कथा सर्वांत जास्त लंगड्या पडतात. त्यांच्या कथेत लोक आधी वाईट वागतात आणि मग एकदम चांगले. मधे काय घडलं, कोणी काय सोडलं, याचा पत्ता नसतो.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, त्याच नावाच्या १९६३ सालच्या संग्रहातली, वाचली नसेल तर इथे थांबा आणि आधी ती वाचा. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवतो. तिथून पुढे त्याला मिळणारी प्रत्येक आपुलकी त्या लपवण्यावर उभी राहते. लोक जवळ येतात तसा धोका वाढत जातो. स्वीकार आणि भीती एकाच वेळी चढत जातात, आणि वाचकाला धड आनंदही होता येत नाही. कथेची बांधणी म्हणून हे मुद्दाम तपासा. प्रत्येक पानावर त्याला काय मिळालं आणि त्यामुळे त्याचं आता काय जाऊ शकतं, हे समासात लिहीत जा.

किंमत नेहमी एवढी जीवघेणी असेल असं नाही. एक साधं उदाहरण रचून बघू. अश्विनी, उदगीरची, वाशीच्या एका रुग्णालयात नर्स, बहुतेक रात्रपाळी. घणसोली गावात आगरी घरात वरच्या मजल्यावरची खोली तिनं भाड्यानं घेतलीय. घरमालकीण काकी. पहिले काही महिने काकी तिच्याशी भाडं आणि पाणी यापलीकडे बोलत नाही. रात्री घराबाहेर पडणारी आणि सकाळी परत येणारी मुलगी म्हणून ओट्यावरच्या बाया तिच्याकडे बघतात ते वेगळंच. मग काकीच्या सासूला इन्सुलिन सुरू होतं, आणि घरात कोणाला सुई टोचायचं धाडस नाही.

आता अश्विनीला हाक यायला लागते. 'आमची नर्सबाय' म्हणून पाहुण्यांत ओळख होते. सकाळी ताट वाढलेलं असतं, गावातल्या हळदीचं आमंत्रण येतं. हे प्रेम खोटं आहे का? नाही. पण ते फुकटही नाही. नवखा लेखक इथे लिहितो, 'हळूहळू काकी तिला मुलीसारखं मानू लागली.' हे वाक्य खोडा आणि एक सकाळ लिहा:

"अश्विनीनं दारात चप्पल काढली, मोरीत हात धुतले. म्हातारीनं दंड पुढे केला. 'दंड नको आजी, काल तिथेच दिलं. आज पोटावर.' काकी गॅसपाशी होती. भाकरी तव्यावर, जवळ्याची चटणी ताटात. 'आज लवकर आयलीस गो,' ती वळून न बघता म्हणाली. अश्विनीनं घड्याळाकडे पाहिलं. वेळ रोजचीच होती. गेल्या मंगळवारी वीस मिनिटं उशीर झाला होता, तो मंगळवार काकीच्या डोक्यातून अजून गेला नव्हता."

बघा, माया आहे, ताट आहे, आणि हजेरीही आहे. आता कथेचा खरा प्रश्न आपोआप उभा राहतो: डबल ड्युटी करून आलेली अश्विनी एखाद्या सकाळी दार लावून झोपली आणि हाकेला उठली नाही, तर? त्या दिवसानंतर तिला ओट्यावर काय म्हणतील? तुम्हाला कथानक शोधत बसावं लागलं नाही, किंमत ठरवल्याबरोबर ते मिळालं.

दार धरून उभा असलेल्याचं काय

खरं सांगायचं तर या शहरात उपरा कोण, हेच नीट ठरत नाही, आणि लिहिणाऱ्यासाठी ती चांदी आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. भाताची खाचरं, मिठागरं, खाडीकाठ. योग्य मोबदल्यासाठी आगरी-कोळी शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. गावठाणाच्या आजूबाजूला कुटुंबं वाढली तशी घरं वाढली, मजले चढले. त्यांना सरकारी कागदांत 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलाय.

आता परत काकीकडे या. ज्या खोलीत तिनं अश्विनीला घेतलंय, ती खोली बहुधा अशाच घरातली आहे. म्हणजे भाडेकरूला आत घ्यायचं की नाही हे ठरवणारी बाई स्वतः कोणत्या तरी कार्यालयातल्या टेबलापुढे स्वतःच्या घराची मान्यता मागत उभी आहे. तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद असतील: जुना सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, एखादी नोटीस. ती नोटीस इंग्रजीत असली तर वाचून दाखवायला ती कोणाला बोलावेल? अश्विनीला. सुईपेक्षा हे काम जास्त नाजूक, कारण आता घराचं गुपित भाडेकरूच्या हातात आलं.

इथे एक मोह होतो, तो टाळा. काकी मुलाच्या नव्या फ्लॅटवर जाते, वॉचमन तिला वहीत नाव लिहायला लावतो, आणि ती म्हणते, "ही आमचीच जमीन व्हती!" टाळ्यांचं वाक्य आहे, मान्य. पण ते काकीच्या तोंडी घातलं की ती माणूस राहत नाही, फलक होते. तिला वहीत नाव लिहू द्या. पत्त्याच्या रकान्यापाशी ती अडते तेवढं दाखवा आणि पुढे चला. इतिहास तुम्हाला ठाऊक असला पाहिजे. तो पात्रानं सांगायला हवाच असं नाही.

याच्याइतकीच दुसरी चूक म्हणजे गावठाणातल्या माणसांना शोभेचं करणं: गळ्यात जाड चेन, हळदीला डीजे, जमिनीचे पैसे उडवले वगैरे. मराठवाड्यातून आलेला म्हणजे दुष्काळ आणि पायात तुटकी चप्पल, हेही तसंच. वाचकानं आधीच मनात धरलेला माणूस त्याच्यापुढे परत ठेवण्यात तुमचं काम काय?

बोली

थोडक्यात सांगते. बोली ऐकून लिहा, अंदाजानं लिहू नका. 'आयलीस गो' मधला 'गो' किंवा उदगीरहून फोनवर येणारं 'काय करू लालीस' असे दोन-चार अचूक ठिपके पुरतात. अख्खा संवाद बोलीत लिहायचा हट्ट असेल तर ती बोली बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आणि आणखी एक गोष्ट बघा: अश्विनी कोणापुढे कशी बोलते. रुग्णालयात प्रमाण मराठी, भावाशी फोनवर गावची, काकीपुढे मधलीच काहीतरी. ज्या दिवशी ती नकळत काकीसारखी बोलून जाईल आणि फोनवरचा भाऊ हसेल, तो प्रसंग कथेत कुठे ठेवायचा यावर चांगला तासभर विचार करा.

प्रसंग कसे लावायचे

रशियन कथाकार चेखोवची १८८६ सालची एक कथा आहे, इंग्रजीत ती 'मिझरी' नावानं मिळते. घोड्याच्या गाडीवाला योना, मुलगा नुकताच वारलेला, बर्फात भाड्याची वाट बघतोय. त्याला कोणाला तरी सांगायचंय. पहिला गिऱ्हाईक लष्करी अधिकारी, तो निदान विचारतो तरी की कशानं गेला. पुढचे तीन तरुण त्याला घाई करतात, टवाळी करतात. दरवानापाशी जातो, तर तो पुढे हो म्हणतो. मुक्कामाच्या जागी तरुण गाडीवाला उठतो, पाणी पितो, योना सांगायला लागतो आणि तो तोंडावर पांघरूण ओढून झोपून जातो. शेवटी योना तबेल्यात घोडीला सांगतो.

हिच्यावर रडू नका, हिचा हिशेब मांडा. प्रत्येक नकार वेगळ्या जातीचा आहे. एकात थोडी दया आहे, एकात क्रूरपणा, एकात नुसतं काम, एकात झोप. आणि झोपणाऱ्याचा तर दोषही नाही, दमलाय बिचारा. नव्या कथांमध्ये नायकाला सगळे एकाच पद्धतीनं झिडकारतात, म्हणून तिसऱ्या वेळी वाचक जांभई देतो. तुमच्या कथेत तीन-चार प्रयत्न असतील तर त्यातला एक नकार प्रेमळ असू द्या, आणि एक असा, की नकार देणाऱ्याला आपण नकार दिला हे कळलेलंसुद्धा नाही. अश्विनीच्या सहकारी नर्सेस सगळ्या मिळून सहलीचा बेत तिच्यादेखत आखतात, कारण त्यांनी धरूनच चाललंय की रात्रपाळीवाली काही येणार नाही. कोणाच्या मनात काळं नाही. तरीही तिला तिथून उठून जावं लागतं.

प्रयत्न वाढत्या क्रमानं लावा, म्हणजे दर वेळी तिनं आधीपेक्षा जास्त काहीतरी पणाला लावलेलं असावं. पहिल्यांदा नुसतं हसू, मग वेळ, मग झोप, मग नोकरीतली रजा.

शेवटाची घाई

गटात ऐकलेले शेवट साधारण ठरलेले: मिठी, गावाकडची गाडी, आत्महत्या, आणि हल्ली मांजर. मांजराबद्दल मला आकस नाही, पण ते कथेत आधीपासून नसेल तर शेवटच्या परिच्छेदात उडी मारून येऊ नये.

मी सुचवेन, की किंमत उघडी पडते तिथे कथा थांबवून बघा. काकीची हाक आलीय, अश्विनी जागी आहे, उठलेली नाही. ती उठते का, हे लिहायचं की नाही ते तुमच्या आधीच्या पानांवर ठरेल. उठली तर का उठली हे वाचकाला दोन प्रकारे वाटलं पाहिजे: मायेनं, आणि खोली जाईल या भीतीनं. एकच कारण उरत असेल, तर गडबड शेवटात शोधू नका. ती मधे कुठेतरी आहे, बहुधा काकीच्या प्रसंगांत.

आता कामाला लागा

एक वही घेऊन एखादी संध्याकाळ ठाणे स्टेशनवर काढा, दुसरी वाशी किंवा कोपरखैरणेच्या एखाद्या सोसायटीच्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर. माणसांची वर्णनं टिपू नका. कोण कोणाला काय विचारतं, फक्त ते प्रश्न टिपा. 'कोणाकडे?', 'किती वाजता येणार?', 'मूळचे कुठले?' यातल्या एका प्रश्नावर तुमची कथा उभी राहू शकते. खऱ्या माणसाचं नाव, इमारत, मजला मात्र कथेत येऊ देऊ नका. गावठाणात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि नोटिशीसारखी गोष्ट कोणाच्या तरी जिव्हारी लागू शकते.

वाचायला ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालचं. तिथे जुने कथासंग्रह आणि मासिकं चाळा. पहिला खर्डा एका बैठकीत लिहा आणि मग त्यातले 'एकटी', 'एकाकी', 'परकी', 'उदास' हे चारही शब्द काढून टाका. भोक पडल्यासारखं जिथे वाटेल तिथे प्रसंग कमी पडलाय असं समजा.

पाठवायचं कुठे? मराठीत कथेला दिवाळी अंकांचा आधार १९०९ सालच्या 'मनोरंजन' मासिकाच्या अंकापासून आहे. अंकांचं साहित्य पावसाळ्यातच ठरत जातं, त्यामुळे गणपतीत कथा लिहायला घेतली तर ती पुढच्या वर्षासाठी धरून चाला. शब्दमर्यादा दिली असेल तर पाळा, युनिकोडमध्ये टाईप करा, एकच कथा एका वेळी चार ठिकाणी पाठवू नका.

पाठवण्याआधी ती दोघांना वाचायला द्या. एक तुमच्या अश्विनीसारखा, बाहेरून आलेला. दुसरा काकीच्या गावचा. 'आवडली का' हे विचारू नका, दोघंही हो म्हणतील. पहिल्याला विचारा, काकी कुठे चुकली. दुसऱ्याला विचारा, अश्विनी कुठे चुकली. पहिल्यानं लांबलचक यादी दिली आणि दुसऱ्याला काहीच सापडलं नाही, तर तुम्ही एकाच बाजूनं लिहिलंय. काकीचे प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.